शिरूर-दौंडच्या घरात वीज कोणाची? एका सीमारेषेची शंभर वर्षे

१/
शिरूरच्या बाजारपेठेत किंवा दौंडच्या एखाद्या वाडीवर लाईट गेली की आजही पहिला प्रश्न येतो : ‘एमएसईबीला फोन लावला का?’ वास्तविक एमएसईबी, म्हणजे महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ, २००५ साली इतिहासजमा झाले. बिलावर नाव असते ‘महावितरण’चे. मुंबईच्या उपनगरांत एकाच इमारतीतील दोन शेजाऱ्यांची वीज दोन वेगळ्या कंपन्यांची असू शकते. शिरूर-दौंडमधील बहुतेक घरांना मात्र एकच नाव ठाऊक आहे. हे असे का झाले, त्याचा हा इतिहास.

२/
आरंभी तीन शब्द वेगळे करावे लागतात. वीज तयार करणे ही ‘निर्मिती’, ती उच्च दाबाच्या मनोऱ्यांवरून दूर नेणे हे ‘पारेषण’, आणि खांब, रोहित्र व मीटर यांच्याद्वारे घरात पोहोचवणे हे ‘वितरण’. घराचा वीजपुरवठादार म्हणजे वितरक. शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात उसाच्या चिपाडापासून वीज तयार होते. पण कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या घरालाही कारखाना ती वीज थेट विकू शकत नाही. त्यासाठी वितरणाचा परवाना लागतो.

३/
या परवान्याची मुळे १९१० च्या भारतीय विद्युत कायद्यात आहेत. वीज विकू इच्छिणाऱ्या कंपनीला सरकार ठरावीक ‘पुरवठा क्षेत्र’ आखून देई. गंमत अशी, की एकाला परवाना दिला म्हणून त्याच क्षेत्रात दुसऱ्याला देण्यास त्या कायद्याने मज्जाव केला नव्हता. मक्तेदारी निर्माण झाली ती खर्चामुळे. एका रस्त्यावर एकाने खांब रोवले, तारा ओढल्या, की दुसऱ्याने तेथेच दुप्पट भांडवल ओतणे परवडणारे नव्हते.

४/
हाच हिशेब गावांच्या मुळावर आला. दाट वस्ती, गिरण्या, दुकाने आणि छावण्या असतील तेथे तार फायद्याची ठरे. म्हणून मुंबईत १९०५ पासून ‘बीईएसटी’ कंपनी आली, १९२९ मध्ये मुंबईच्या उपनगरांसाठी ‘बीएसईएस’ स्थापन झाली, पुणे शहराला ‘पूना इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी’ मिळाली. भीमेकाठची विखुरलेली गावे आणि घोड नदीच्या खोऱ्यातील कोरडवाहू शिवार कोणत्याही खासगी कंपनीच्या नकाशात बसत नव्हते.

५/
आणि तरीही वीज पुणे जिल्ह्याला परकी नव्हती. सह्याद्रीत पाणी अडवून ते कोकणात सोडायचे आणि त्या उतारावर वीज निर्माण करायची, ही टाटांची योजना. खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये, भिऱ्याचे १९२७ मध्ये. भिऱ्यासाठी मुळशीला धरण झाले. त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. जमीन पुणे जिल्ह्याची बुडाली. वीज गेली ती प्रामुख्याने मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला.

६/
रेल्वेची कथा दौंडला अधिक जवळची. मुंबई-पुणे लोहमार्गावर १९२९ पर्यंत विजेवरच्या गाड्या धावू लागल्या आणि १९३० मध्ये ‘दख्खनची राणी’ सुरू झाली. विजेची तार मात्र पुण्यातच थांबली. दौंड हे एकोणिसाव्या शतकापासूनचे रेल्वेचे गाव. तरी पुणे-दौंड मार्गाच्या विद्युतीकरणासाठी एकविसाव्या शतकाचे दुसरे दशक उजाडावे लागले. पुण्यापासून पाऊण-एक तासाच्या अंतरासाठी सुमारे नऊ दशके लागली.

७/
गावांचा हा हिशेब बदलला १९४८ च्या विद्युत (पुरवठा) कायद्याने. प्रत्येक प्रांतात वीज मंडळ असावे, त्याने फायद्याच्या शहरांबरोबर तोट्याच्या खेड्यांनाही वीज पुरवावी, हे त्यामागचे धोरण. १९५४ मध्ये मुंबई राज्याचे वीज मंडळ उभे राहिले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. ‘एमएसईबी’ हे नाव लोकांच्या तोंडी बसले ते तेव्हापासून.

८/
१९६२ मध्ये कोयनेच्या पहिल्या टप्प्याची वीज मिळू लागली. १९६९ मध्ये केंद्राने ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन केले. पुढील दोन दशकांत खांब गावठाणात आले, तेथून विहिरींवर गेले. तेलावरच्या इंजिनाची जागा विजेच्या मोटारीने घेतली. शेतकऱ्याच्या दृष्टीने मंडळ म्हणजे घरातील दिव्याइतकाच विहिरीवरचा पंप. खासगी कंपनीला जे क्षेत्र परवडत नव्हते, तेच मंडळाच्या वाट्याला आले आणि तीच आजच्या एकाच नावाची पायाभरणी ठरली.

९/
पण ग्रामीण भागाला दुसरा मार्गच नव्हता, असे मात्र नाही. शिरूरला घोड नदी ओलांडली की तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा लागतो. त्याच्या उत्तरेस श्रीरामपूर-राहुरी परिसरात ‘मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था’ होती. ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाने देशात प्रारंभी ज्या पाच वीज सहकारी संस्था उभ्या केल्या, त्यांतील ही एक. येथे ग्राहक हाच सभासद होता. संस्था मंडळाकडून घाऊक वीज घेई आणि घरोघरी, शेतोशेती वाटे.

१०/
मुळा-प्रवराचा शेवट थकबाकीच्या वादात झाला. २०११ च्या आरंभी तिचे क्षेत्र महावितरणकडे गेले. त्याच पहिल्या पाचांतील बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरीची संस्था मात्र टिकली. म्हणजे एकाच पिकाचे शेत, एकाच प्रकारची विहीर. पण गाव कोणत्या परवान्याच्या रेषेत पडले, त्यावर बिल कोणाचे हे ठरले. ही रेषा पत्त्याबरोबर येते. घरमालकाच्या पसंतीवर ती हलत नाही.

११/
१९९० च्या दशकात वीज मंडळे आर्थिक संकटात सापडली. महाराष्ट्रात दाभोळच्या महागड्या विजेने त्यात भर घातली. वीजदर सरकारने नव्हे, स्वतंत्र आयोगाने ठरवावेत, या विचारातून १९९८ चा नियामक आयोग कायदा आला आणि १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. पुढे २००३ च्या विद्युत कायद्यानुसार ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन झाले. महानिर्मिती वीज तयार करू लागली, महापारेषण ती वाहून नेऊ लागली, महावितरण ती घरोघरी देऊ लागली. या तिघींवर सूत्रधारी कंपनी आली. शिरूर-दौंडमध्ये खांब तेच राहिले, वायरमनही तेच. बदलला तो बिलाचा मथळा.

१२/
२००३ च्या कायद्याने आणखी एक दार उघडले. एकाच क्षेत्रात दुसऱ्या वितरकालाही स्वतःच्या जाळ्यासह परवाना देता येतो, हे त्याने स्पष्ट केले. मुंबईच्या उपनगरांत टाटा पॉवर आणि रिलायन्स एनर्जी यांच्यात याच मुद्द्यावरून दीर्घ वाद चालला. जुलै २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला किरकोळ ग्राहकांनाही वीज विकता येईल, असा निर्णय दिला. त्यानंतर उपनगरातील अनेक घरांना पुरवठादार बदलता आला. २०१८ मध्ये रिलायन्सचा तेथील व्यवसाय अदानी समूहाकडे गेला.

१३/
तिसरा प्रकार भिवंडीचा. २६ जानेवारी २००७ पासून तेथे टोरंट पॉवर वीज वाटते, बिल काढते, वसुली करते. परंतु परवाना महावितरणचाच आहे. याला ‘फ्रँचायझी’ म्हणतात. नागपूर, औरंगाबाद आणि जळगाव येथेही हा प्रयोग झाला, पण टिकला नाही. म्हणून ‘वीज कोणाची’ या प्रश्नाचे दोन भाग होतात : परवाना कोणाचा, आणि दारात येणारा कर्मचारी कोणाचा?

१४/
पुणे जिल्ह्यातही अपवाद आहेत. खराडी-हिंजवडीतील काही विशेष आर्थिक क्षेत्रांचे विकासक आपापल्या आवारापुरते स्वतःच वितरक आहेत. रेल्वेलाही कायद्याने मानीव परवानाधारकाचा दर्जा मिळाला असून तिने आपल्या गाड्यांसाठी बाहेरून वीज घेण्याचा मार्ग स्वीकारला आहे. त्यामुळे दौंड स्थानकात रुळांवरच्या तारेतील वीज आणि स्थानकाबाहेरच्या चहाच्या टपरीतील वीज यांचे व्यवहार वेगळे असू शकतात.

१५/
पुरवठादार एकच असला म्हणून प्रकाश सारखाच मिळतो, असेही नाही. २००६ मध्ये राज्य भारनियमनाने होरपळत असताना पुणे शहरात एक तोडगा निघाला. उद्योगांनी स्वतःच्या जनित्रांवर वीज तयार करायची, त्याचा जादा खर्च शहरातील मोठ्या ग्राहकांनी उचलायचा आणि शहर भारनियमनमुक्त ठेवायचे. ‘पुणे मॉडेल’ म्हणून त्याची देशभर चर्चा झाली. त्याच जिल्ह्यातील खेडी मात्र रोजचे तासन् तास अंधारात काढत होती. कंपनी एक, जिल्हा एक. फरक फक्त पत्त्याचा.

१६/
शेतीच्या पंपांना दिवसाला मोजकेच तास वीज मिळते आणि तीही आलटून-पालटून दिवसा व रात्री. रात्रीची पाळी आली की शेतकरी बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला निघतो. शिरूर, जुन्नर, आंबेगाव आणि खेड या तालुक्यांतील उसात बिबट्यांचा वावर वाढल्यापासून ही पाळी जीवावरची झाली आहे. ‘दिवसा वीज द्या’ ही मागणी येथे सोयीची उरलेली नाही. गावठाण आणि शेती यांच्या वाहिन्या वेगळ्या करण्याची कामे, तसेच २०१७ पासूनची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, ही याच मागणीला दिलेली उत्तरे आहेत.

१७/
त्याच तालुक्यांतील रांजणगाव आणि कुरकुंभ औद्योगिक वसाहतींचे चित्र निराळे. एक मेगावॅटहून अधिक भार असलेल्या ग्राहकाला ‘मुक्त प्रवेशा’ने अन्य विक्रेत्याकडून वीज घेता येते, हरित विजेसाठी ही मर्यादा २०२२ मध्ये १०० किलोवॅटवर आली. अशा कारखान्याला विक्रेता निवडता येतो. शेजारच्या गावातील चार खोल्यांच्या घराला येत नाही.

१८/
मग प्रत्येक घरालाच निवड का देऊ नये? नवी मुंबई परिसरासाठी खासगी कंपनीने समांतर परवाना मागितला, तेव्हा ४ जानेवारी २०२३ रोजी महावितरणसह तिन्ही कंपन्यांचे कर्मचारी संपावर गेले. तो संप सरकारशी चर्चेनंतर त्याच दिवशी मिटला. आक्षेप असा : उद्योग आणि व्यापारी ग्राहक जादा दर भरतात, म्हणून शेतीची व लहान घरांची वीज स्वस्त राहते. मोठे ग्राहक दुसरीकडे गेले, तर कमी उत्पन्नाचे क्षेत्र तेवढे महावितरणकडे उरेल. समर्थक म्हणतात, स्पर्धेशिवाय सेवा सुधारत नाही. शंभर वर्षांपूर्वीचा फायद्याच्या रस्त्याचा आणि तोट्याच्या शिवाराचा हिशेब पुन्हा एकदा समोर आला आहे.

१९/
आता मूळ प्रश्न : आपल्या पत्त्यावर पुरवठादार कोण, हे ओळखायचे कसे? बिलाच्या मथळ्यावर कंपनीचे नाव असते. महावितरणच्या बिलावर बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि चार अंकी बिलिंग युनिट असते; युनिटवरून स्थानिक कार्यालय कळते. घर नवे असेल, तर त्याच खांबावरून जोडणी घेतलेल्या शेजाऱ्याचे बिल पाहावे. घर रेल्वे वसाहतीत, कंपनीच्या आवारात किंवा विशेष आर्थिक क्षेत्रात असेल, तर आधी तेथील व्यवस्थापनाकडे विचारणा करावी. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे.

२०/
हे नाव कळणे महत्त्वाचे, कारण त्याच्याशी कायदेशीर बंधन जोडलेले आहे. २००३ च्या कायद्याच्या कलम ४३ नुसार आपल्या क्षेत्रातील जागेच्या मालकाने किंवा तेथे राहणाऱ्याने मागणी केल्यास ठरावीक मुदतीत वीज देणे वितरकावर बंधनकारक आहे. ‘राहणारा’ या शब्दात भाडेकरूही येतो. तक्रार सुटली नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यापुढे विद्युत लोकपाल आहेत. १९१० च्या सुमारास खेड्याला वीज नाकारली, तर दाद मागायला जागाच नव्हती. आज वाडीवरच्या शेवटच्या घराला अर्ज करता येतो आणि त्या अर्जावर कोणाचे नाव लिहायचे, तेही ठाऊक असते.

#इतिहास #पुणे_जिल्हा #शिरूर #दौंड