आर्वीची गाडी कोणाची होती?

२०२१च्या नोव्हेंबरमध्ये एसटीचा संप राज्यभर पसरला आणि महिनोन् महिने लांबला. वर्ध्यात, पुलगावात राहणाऱ्यांना निदान रेल्वे होती. आर्वीकरांना तीही नव्हती. कॉलेज, दवाखाना, कोर्ट, कुठेही जायचं तर काळीपिवळी नाहीतर स्वतःची दुचाकी. गंमत अशी, की याच आर्वीला शंभर वर्षांपूर्वी रेल्वे होती.

पुलगाव-आर्वी ही ३५ किलोमीटरची लाइन १९१७ साली सुरू झाली. दोन रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. आज ‘लाइट रेल’ म्हटलं की आपल्याला परदेशातल्या चकाचक ट्राम आठवतात. त्या काळी ‘लाइट रेल्वे’ म्हणजे अशी कमी खर्चाची गाडी: हलके रूळ, छोटे डबे, मंद वेग. हेतू उघड होता. आर्वीकडचा कापूस पुलगावला आणायचा, तिथून मोठ्या गाडीने मुंबईला आणि पुढे बोटीने इंग्लंडला. कापसासोबत माणसंही जायला लागली.

मग बस आली. बस गावाच्या चौकात थांबते, स्टेशन मात्र बरेचदा गावाबाहेर. रस्ता सरकार बांधतं, रूळ मात्र रेल्वेनेच सांभाळायचे. छोट्या गाडीतला माल पुलगावला उतरवून मोठ्या गाडीत पुन्हा भरावा लागे. ट्रकला ती कटकट नव्हती. गाडी मागे पडली आणि शेवटी बंद झाली. आपण म्हणतो, जमाना बदलला.

पण गोष्ट एवढीच नाही. बार्शी लाइट रेल्वे बघा. १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी सुरू झालेली ही गाडीसुद्धा अडीच फुटांचीच. बस आणि ट्रक तिच्याही वाट्याला आलेच. फरक असा, की १९५४ साली सरकारने ती विकत घेतली आणि पुढे ब्रॉडगेज केली. २०१६च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, ती याच जुन्या बार्शी लाइटच्या वाटेने.

पुलगाव-आर्वी मात्र सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या मालकीची राहिली. यवतमाळ-मूर्तिजापूरची ‘शकुंतला’ही तिचीच. स्वातंत्र्यानंतरही मालक खासगी कंपनी आणि गाडी चालवणार सरकारी रेल्वे. अशा रुळांवर मोठा पैसा कोण घालणार? घर भाड्याचं असलं की छत गळतं. भाडेकरू मालकाकडे बोट दाखवतो, मालक भाडेकरूकडे.

तुलना अगदी सरळ नाही, हे खरं. बार्शीची लाइन कुर्डुवाडी, लातूर, मिरज अशी मोठी गावं जोडत होती. आर्वीची गाडी आर्वीलाच संपायची. ती तगली असती का, हे छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. पण तिला रुंद करून, पुढे नेऊन पाहण्याची संधीच मिळाली नाही. ‘प्रवासी नाहीत’ हे आपण कारण समजतो. कित्येकदा तो परिणाम असतो. गाडी हळू झाली, फेऱ्या कमी झाल्या की प्रवासी जाणारच.

आज वर्ध्यात पुन्हा रेल्वेची चर्चा आहे. नागपूर ते वर्धा ‘ब्रॉडगेज मेट्रो’ चालवण्यासाठी २०१८ मध्ये करार झाला. वर्धा-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला. अशा वेळी वाद ‘बस बरी की रेल्वे बरी’ यावरच अडकतो. खरं तर दोन्ही लागतात: लांबच्या गर्दीला रेल्वे, स्टेशनापासून घरापर्यंत बस. गाडीचा रंग आणि वेग यांच्याआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: रूळ कोणाचे, तोटा कोण सोसणार, आणि वीस वर्षांनी दुरुस्तीचे पैसे कोण देणार?

पुलगाव-आर्वीच्या बाबतीत या प्रश्नांना नीट उत्तर नव्हतं. संपात रस्त्याकडेला काळीपिवळीची वाट बघत उभ्या राहिलेल्या पोरांनी त्याचीच किंमत मोजली.