नानचं खमीर आणि केसांची गोळी

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरात नान घ्यायला निघालात, तर वाटेत एखादं मेडिकल लागतंच. तिथे काउंटरवर केसगळतीसाठी बायोटिनच्या गोळ्या मांडलेल्या असतात. डबीवर मोठ्या अक्षरांत आकडा: 10,000 मायक्रोग्रॅम. मोबाइल उघडला तर रील्समध्येही तेच. मीही एकदा एक डबी घेतली होती. केसांचं काय झालं ते सोडा, पण बायोटिन म्हणजे नक्की काय, हे शोधता शोधता मी परत नानपाशीच येऊन पोचलो.

नान-खलिया हा या शहराचा खास पदार्थ. मुहम्मद बिन तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा त्याच्या लष्करासोबत तो इथे आला, असं सांगतात. नानचा मैदा खमिराने फुगतो, म्हणजे त्यात यीस्ट वाढतं. वाळूजच्या बिअर कारखान्यांतल्या टाक्यांतही यीस्टचेच भाऊबंद राबत असतात. आणि बायोटिनचा इतिहास सुरू होतो तो या यीस्टपासूनच.

1860 मध्ये लुई पाश्चरने सांगितलं, की साखर, अमोनियाचा क्षार आणि यीस्टची राख एवढ्यावर यीस्ट वाढतं. सुरुवातीला टाचणीच्या डोक्याएवढं यीस्ट घातलं तरी पुरे. जर्मनीतल्या लीबिखने तसं करून पाहिलं, पण त्याला जमेना. दोघांत जाहीर वाद झाला. कोडं सुटायला 1901 उजाडलं. बेल्जियममधल्या लूव्हाँच्या यूजीन विल्डियर्सच्या लक्षात आलं, की यीस्ट जरा जास्त घातलं तर वाढतं, अगदी थोडं घातलं तर नाही. पण त्या थोड्या यीस्टला उकळलेल्या यीस्टचा अर्क दिला, की तेही वाढतं. म्हणजे साखर आणि क्षारांपलीकडे आणखी काहीतरी हवं असतं. त्याने त्याला ‘बायोस’ म्हटलं. पुढे कळलं, की बायोस हा एकच पदार्थ नाही, अनेकांचं मिश्रण आहे. बायोटिन त्यातलंच एक.

दुसरा धागा अंड्यातून निघाला. 1927 मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये मार्गारेट बोआस यांनी उंदरांना अंड्याचा कच्चा, वाळवलेला पांढरा भाग खायला दिला. उंदरांची कातडी सोलवटली. डोळ्यांभोवतीचे केस गेले, जणू चष्माच लावलाय. यकृत खायला दिलं की ते बरे होत. हायडेलबर्गमध्ये पॉल ग्योर्गी यांनी त्या बरं करणाऱ्या घटकाला ‘व्हिटॅमिन एच’ नाव दिलं, कारण जर्मनमध्ये त्वचेला ‘हाउट’ म्हणतात. 1933 मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ग्योर्गींना जर्मनी सोडावी लागली. 1936 मध्ये हॉलंडच्या युट्रेक्टमध्ये क्योगल आणि ट्योनिस यांनी 250 किलो वाळवलेल्या बलकातून जेमतेम 1.1 मिलिग्रॅम शुद्ध बायोटिन मिळवलं. 1940 मध्ये अमेरिकेत ग्योर्गी आणि विन्सेंट द्यू विन्यो यांच्या गटाने सिद्ध केलं, की यीस्टचं बायोटिन आणि उंदरांचं व्हिटॅमिन एच एकच आहे.

मग अंड्याच्या पांढऱ्यात असं काय होतं? त्यात अॅव्हिडिन नावाचं प्रथिन असतं. ते बायोटिनला इतकं घट्ट धरतं, की आतड्याला ते मिळतच नाही. अंडं शिजवलं की अॅव्हिडिनची पकड सुटते. केसांचा गोंधळ इथूनच सुरू झाला, असं मला वाटतं. उंदरांचे केस गेले ते बायोटिन हिरावलं गेल्यामुळे. त्यावरून जास्त बायोटिन म्हणजे जास्त केस, असं होत नाही. तेल संपल्यावर दिवा विझतो, म्हणून दुप्पट तेल ओतल्याने तो दुप्पट उजळत नाही.

बायोटिन पेशीत नेमकं करतं काय, हे 1950 च्या दशकाच्या शेवटी उलगडलं. 1958 मध्ये सालिह वाकिल यांना चरबी तयार करणाऱ्या एन्झाइममध्ये बायोटिन सापडलं. 1959 मध्ये म्युनिकच्या फेओडोर ल्यूनन यांनी दाखवलं, की बायोटिन कार्बन डायऑक्साइड उचलून दुसऱ्या रेणूला देतं. या शोधात अॅव्हिडिनच उपयोगी पडलं: एन्झाइममध्ये अॅव्हिडिन टाका, काम थांबलं, तर आत बायोटिन असणार.

हे बायोटिन पेशीत मोकळं फिरत काम करत नाही. एक वेगळं एन्झाइम एटीपीची ऊर्जा खर्चून त्याला दुसऱ्या एन्झाइमच्या लायसिनला पक्कं बांधतं. मग ते दोराला बांधलेल्या पोहऱ्यासारखं वागतं: एका जागी कार्बन डायऑक्साइड भरून घ्यायचा, पलीकडे झुकायचं, तिथे रिकामा करायचा. माणसात अशी पाच एन्झाइम्स आहेत. चरबी तयार करणं आणि जाळणं यांचा तोल, उपाशीपोटी ग्लुकोज बनवणं, काही अमिनो आम्लं मोडणं, ही त्यांची कामं. खमिरातल्या यीस्टलाही नव्या पेशींच्या आवरणासाठी चरबी लागते, म्हणून बायोटिन लागतं.

एन्झाइम जुनं होऊन मोडलं, तरी शरीर पोहरा फेकून देत नाही. बायोटिनिडेज नावाचं एन्झाइम तो सोडवून परत वापरात आणतं. म्हणूनच मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 30 मायक्रोग्रॅम पुरतं. शिजवलेली अंडी, शेंगदाणे, यकृत यांत ते असतंच.

पण काही बाळांमध्ये हे बायोटिनिडेज जन्मतःच नसतं. 1983 मध्ये बॅरी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी हा आजार ओळखला. अशा मुलांना झटके येतात, अंगावर चट्टे उठतात, केस गळतात, ऐकू येणं कमी होतं. उपाय साधा: रोज 5 ते 10 मिलिग्रॅम बायोटिन तोंडाने, जन्मभर. वेळेत सुरू केलं तर मूल निरोगी वाढतं. उशीर झाला तर गेलेले कान सहसा परत येत नाहीत. निदान नवजात बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या काही थेंबांवरून होतं. पण आपल्याकडे ही तपासणी अजून प्रत्येक बाळाची होत नाही.

आता तो आकडा पुन्हा पाहा. 10 मिलिग्रॅम म्हणजेच 10,000 मायक्रोग्रॅम. या मुलांचं औषध आणि माझी केसांची गोळी, मात्रा तीच.

आणि ती गोळी अगदी निरुपद्रवीही नाही. रक्ताच्या बऱ्याच तपासण्या बायोटिन आणि अॅव्हिडिनसारख्या प्रथिनाच्या त्याच घट्ट पकडीवर चालतात. रक्तात बायोटिन जास्त असेल तर काही तपासण्यांत थायरॉईडचे आकडे चुकतात. हृदयविकारात पाहिलं जाणारं ट्रोपोनिन खोटं कमी दिसू शकतं. 2017 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तसा इशारा दिला; त्यात एका मृत्यूचाही उल्लेख होता.

माझी डबी मी अर्ध्यावरच बंद केली. तुमची चालू असेल, तर पुढच्या वेळी रक्त द्यायला जाताना एवढं नक्की सांगा, की मी बायोटिन घेतोय. आणि घरात किंवा ओळखीत बाळ येणार असेल, तर टाचेच्या रक्ताची ती तपासणी होते का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.