घरांतील मत्स्यालय : आधीं पाणी, मग मासे

हुपरी हें चांदीच्या कारागिरांचें गांव. येथील पैंजण दूरदूरच्या बाजारांत जातात. अशा गांवांतील एखाद्या सुस्थित घरीं पांच फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच अशी कांचेची पेटी मांडली, तर तींत वीस घनफूट, म्हणजे सुमारें ५६६ लिटर पाणी मावतें. नुसतें पाणीच साडेपांचशें किलोंहून अधिक भरतें. तेव्हां ती चौरंगावर ठेवण्याची वस्तु नव्हे. तरीहि मालकाची पहिली दृष्टि माशांच्या रंगाकडे जाते. पाण्याची आठवण मासे मरूं लागल्यावर होते. ही चूक जुनी आहे.

लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं १८५० सालीं केमिकल सोसायटीपुढें आपला एक प्रयोग मांडला. त्यांनीं दोन सोनेरी मासे व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पति एका भांड्यांत ठेविली होती. वनस्पतीचीं पानें कुजून पाणी बिघडलें, तेव्हां गोगलगाई सोडल्या आणि पाणी निवळलें. यावरून वनस्पति व प्राणी एकमेकांस तारतात, ही समतोलाची कल्पना रूढ झाली. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें. कल्पना सुंदर, पण अपुरी. पेटींत माशांची दाटी झाली, कीं त्यांचा मळ निस्तरणें एकट्या वनस्पतींस साधत नाहीं.

उणीव भरून निघाली ती सांडपाण्याच्या शास्त्रांतून. श्लोझिंग व म्युन्ट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १८७७ सालीं वाळू व खडू भरलेल्या नळींतून सांडपाणी सावकाश झिरपविलें. पहिले सुमारें वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा खालीं येई. पुढें तो नाहींसा होऊन नायट्रेट मिळूं लागलें. क्लोरोफॉर्मची वाफ देतांच ती क्रिया थांबली. याचा अर्थ, काम वाळू करीत नव्हती. वाळूवर वसलेले सूक्ष्म जीव करीत होते. पुढें १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की यांनीं ते जीव वेगळे काढून दाखविले.

घरांतील गाळणीचें मर्म एवढेंच आहे. स्पंज असो वा चिनीमातीचीं वलयें असोत, तीं त्या जीवांचीं घरें होत. पंपानें तासाभरांत पेटींतील पाणी चारएक वेळां त्यांतून फिरवावें. नव्या पेटीस चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर स्वच्छ दिसणारें पाणीहि माशांस विषारी असूं शकतें. स्पंज नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यानें धुतला, तर ही वस्ती मरते. पेटींतूनच काढलेल्या पाण्यांत तो खळबळावा. वीज बराच वेळ गेली, तर बंद डब्याच्या गाळणींत ती गुदमरते.

हुपरीस आणखी एक सावधगिरी हवी. चांदीच्या भांड्यांतील पाणी टिकतें म्हणून जी चांदी वाखाणली जाते, ती विरघळलेल्या रूपांत अत्यल्प असली तरी माशांस घातक ठरते. कारखान्यांत वापरलेली बादली, हात किंवा फडका पेटीपासून दूरच ठेवावा.

आतां मासे. कर्नल सायक्स यांनीं दख्खनच्या माशांचीं वर्णनें १८३९ सालीं प्रसिद्ध केलीं, तेव्हां अनेकांचीं मराठी नांवेंच शास्त्रीय नांवांत बसविलीं : खुद्री, मुल्या, रोहटी. खुद्री हा महसीर, हातभराहून मोठा होणारा. त्यास घरांतील पेटींत कोंडणें हा अन्यायच. रोहटी मात्र वीतभराच्या आंत राहते, चपटी व चांदीसारखी लखलखते. मुल्या दगडास चिकटून शेवाळ खरवडतो. दोघांसहि वाहतें, प्राणवायुयुक्त पाणी लागतें. म्हणून गाळणीचा प्रवाह जोरकस हवा.

पेटी स्वच्छ राखावी म्हणून पुष्कळजण दक्षिण अमेरिकेंतील, कठीण कवचाचा, चोषक तोंडाचा मांगूरवर्गीय मासा आणतात. बाजारांत तो बोटाएवढा असतो. पुढें फूटभराहून मोठा होतो, आणि मग कोणी त्यास नदींत सोडून देतो. सायक्स यांनीं ज्या भीमेच्या खोऱ्यांत मासे गोळा केले, तिच्याच उजनी जलाशयांत हा परका मासा आतां मच्छीमारांच्या जाळ्यांत येतो. त्याच्या कांट्यांनीं जाळीं फाटतात. हुपरीजवळची पंचगंगा नरसोबाच्या वाडीस कृष्णेस मिळते, आणि भीमाहि पुढें कृष्णेंतच जाते.