कैफियतीचा रकाना

दुर्ग जिल्ह्यातल्या खसऱ्याच्या, म्हणजे शेतवार जमीन-नोंदीच्या, शेवटच्या रकान्याला ‘कैफियत’ म्हणतात. त्याच्या अलीकडचे रकाने मोजूनमापून भरायचे असतात: खसरा क्रमांक, क्षेत्र, खातेदाराचं नाव, पीक. कैफियतीत मात्र पटवारी वाक्य लिहितो. आज हाच खसरा छत्तीसगडच्या ‘भुइयां’ या संगणकीय व्यवस्थेत राहतो, आणि डेटाबेसचा फॉर्म आखणाऱ्यापुढे जो प्रश्न नेहमी येतो तो तिथेही आहे: या जागी यादीतून निवडायला लावायचं, हाताने टाइप करू द्यायचं, की तक्ता मांडायचा? हा प्रश्न तांत्रिक आवडीनिवडीचा समजला जातो. माझं म्हणणं वेगळं आहे. फॉर्मवरची उत्तर भरायची सोय (कंट्रोल) निवडणं म्हणजे उत्तर देणाऱ्याला किती मोकळीक द्यायची ते ठरवणं, आणि हा निर्णय महसुली कागदांनी संगणकाच्या कितीतरी आधी, फार विचार करून घेतला होता. दुर्गचे कागद त्याची उत्तम साक्ष देतात.

सुरुवात भोसल्यांपासून करावी लागते. बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. त्यांच्यानंतर सुभेदारांच्या काळात मुलूख परगण्यांत विभागला गेला आणि परगण्यावर कमाविसदार, फडणवीस, बडकर असे कामगार आले. त्यांच्या मराठी हिशेबाची मांडणी आजच्या छापील तक्त्यासारखी नव्हती. आधी एकूण आकडा, खाली ‘पैकी’, मग त्या आकड्याची फोड, आणि फोडीचीही पुन्हा फोड. नजर मोठ्या आकड्यावरून तपशिलाकडे उतरत जायची. उभ्या रेघा नसूनही कोणती रक्कम कशाच्या पोटात आहे ते जागेवरूनच कळे. मुख्य नोंद वर आणि तिच्या पोटातल्या नोंदी खाली, ही आजच्या सबफॉर्मची कल्पना या मांडणीत आधीच उभी आहे.

इंग्रजांच्या बंदोबस्तात, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवण्याच्या कामात, या मांडणीची खरी परीक्षा झाली. दुर्ग तेव्हा रायपूर जिल्ह्याची तहसील होती. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९०६ मध्ये. या मैदानी पट्ट्यात ‘लाखाबाटा’ नावाची रीत होती: गावची शेतं ठरावीक काळाने पुन्हा वाटून घ्यायची, म्हणजे चांगली आणि वाईट जमीन सर्वांच्या वाट्याला सारखी यावी. परिणाम असा की एका कुळाची जमीन एका जागी कधीच नसे. तिचे लहान लहान तुकडे गावभर विखुरलेले असत. अशा गावाची नोंद एकाच यादीत करता येत नाही. शेत धरून लिहिलं तर माणूस हरवतो, माणूस धरून लिहिलं तर शेत सापडत नाही. म्हणून दोन कागद लागतात: शेतवार खसरा आणि खातेवार बी-१. एका खात्याखाली अनेक शेतं ही रचना कुणा सॉफ्टवेअर कंपनीची देणगी नव्हे, ती गावाच्या जमिनीतूनच आली. १९९२ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसने मुख्य फॉर्मच्या आत सबफॉर्म बसवला, तेव्हा बंदोबस्ताच्या कारकुनांनी पूर्वीच सोडवलेलं कोडं पडद्यावर आलं. या जागी सुट्या चौकटी देणारा फॉर्म चुकतोच. शेत १, शेत २, शेत ३ अशा पाच चौकटी दिल्या, तर सहाव्या शेताने कुठे जायचं?

जमिनीच्या जातीचं उदाहरण उलट दिशेचं आहे. या भागात कन्हार, मटासी, डोरसा, भाठा ही नावं शेतकऱ्याच्या तोंडची. १८८० च्या दशकात मध्य प्रांतात जे. बी. फुलर यांनी मातीच्या प्रतीला अंक देऊन सारा ठरवण्याची पद्धत आणली. प्रत्येक जातीचं सापेक्ष मोल ठरलं की नाव मनाला येईल तसं लिहून चालत नाही. ‘मटासी’, ‘मटासि’, ‘मटासी-डोरसा’ अशी तीन रूपं आली की बेरीज मोडते. उत्तरं मोजकी आणि पूर्वनिश्चित असतील तिथे बंद यादीच हवी. आजचा ड्रॉपडाउन नेमका याच जागेसाठी आहे.

खसरा क्रमांकाकडे जरा जवळून पाहू. वाटणी झाली की ११२ चे ११२/१ आणि ११२/२ होतात. दिसायला हा आकडा, म्हणून नवखा माणूस तिथे संख्येची चौकट ठेवतो आणि तिरप्या रेघेलाच अडतो. मग तो अक्षरांची चौकट करतो, तर यादी लावताना ११२/१० हा ११२/२ च्या आधी येऊन बसतो. उपाय सोपा आहे: मूळ क्रमांक आणि पोटक्रमांक अशा दोन चौकटी, शेजारी शेजारी. तसाच ‘पाचसाला खसरा’. कागदावर पाच वर्षांची पिकं एका ओळीत येत, त्यामुळे एखादं शेत सलग तीन वर्षं पडीक आहे हे एका दृष्टिक्षेपात कळे. पडद्यावर प्रत्येक वर्षाला वेगळा टॅब दिला की फॉर्म नीटस दिसतो आणि तुलना मरते. इथे तक्ताच हवा.

यावर कुणी म्हणेल, कागदाला मर्यादा होत्या. त्या संगणकावर का लादायच्या? आक्षेप रास्त आहे. कागदाची रुंदी, रेघोट्या, कारकुनाचं अक्षर यांतून आलेल्या सवयी खुशाल सोडाव्यात. पण शेतवार-खातेवार ही जोडी किंवा पाच वर्षांची ओळ कागदाच्या अडचणीतून आलेली नाही. ती विषयाच्या स्वभावातून आली आहे, आणि माध्यम बदललं म्हणून विषय बदलत नाही.

याहून भारी आक्षेप कैफियतीबद्दल आहे. मोकळा रकाना म्हणजे पटवाऱ्याच्या हाती दिलेली सत्ता. तो हवं ते लिहील, नको ते गाळील. सगळ्या जागी बंद यादी असती तर गैरप्रकाराला वावच उरला नसता. यात तथ्य आहे, आणि गरीब कुळांनी त्याची किंमत मोजली आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. तरी उपाय चुकीचा आहे. यादीत न बसणारी गोष्ट यादीमुळे नाहीशी होत नाही. ती ‘इतर’ मध्ये जाते, किंवा जवळच्या चुकीच्या पर्यायात शिरते, आणि तिथे ती खरी दिसते. हे खोटं वाक्याच्या खोटेपणाहून पकडायला अवघड. सत्तेला आवर घालायचा तर मोकळ्या रकान्यातल्या प्रत्येक नोंदीला तारीख आणि लिहिणाऱ्याचं नाव जोडावं, आणि जुनी नोंद पुसण्याऐवजी तिच्याखाली नवी लिहावी. हे डेटाबेसला कागदापेक्षा चांगलं जमतं.

बंदोबस्ताचे अधिकारी रकान्यांचे मोठे भोक्ते होते, तरी सगळं रकान्यात मावत नाही हे त्यांना उमगलं होतं. म्हणून तक्त्यांच्या जोडीला ‘वाजिब-उल-अर्ज’ आला: गावच्या वहिवाटी, रस्ते, पाणी, मासेमारी यांची नोंद. पुढे गुरचराई, सरपण, इमारती लाकूड यांसाठी ‘निस्तार पत्रक’ आलं. दुर्ग १ नोव्हेंबर २००० पर्यंत ज्या मध्य प्रदेशात होतं, त्याच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेत हे दोन्ही कागद आहेत. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेतही कलम १६१ आणि १६५ मध्ये ते आहेत, कारण विदर्भ आणि दुर्ग एकाच मध्य प्रांताच्या दप्तरात वाढले.

जमीन-नोंदींच्या संगणकीकरणाचा केंद्राचा प्रायोगिक प्रकल्प १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाला. त्यात महाराष्ट्रातून वर्धा होता आणि मध्य प्रदेशातून मुरैना. त्या काळातल्या डॉसच्या पडद्यावर २५ ओळी आणि ओळीत ८० अक्षरं. देवनागरीसाठी जिस्ट कार्ड लागे. अशा पडद्यावर खसरा क्रमांक, क्षेत्र आणि नाव सहज बसतं. वाजिब-उल-अर्ज बसत नाही. संगणकीकरण आकड्यांच्या बाजूने आधी धावलं यात त्या पिढीचा दोष नाही, यंत्राची ऐपतच तेवढी होती. आता ती सबब उरलेली नाही. हव्या तेवढ्या लांबीचा मजकूर कोणताही डेटाबेस साठवतो, तरी फॉर्म आखताना त्या मजकुराला अजूनही बोटभर चौकटच मिळते.

दरम्यान त्या गद्य कागदांचं मोल वाढलं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००८ मध्ये नियम झाले, त्यांत सामूहिक हक्कांच्या दाव्यासाठी निस्तारासारख्या हक्कांचा पुरावा ग्राह्य धरला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. दुर्ग-गडचिरोलीच्या पट्ट्यात आज एखादी ग्रामसभा जुनी वहिवाट सिद्ध करायला निघाली, तर ती पीकपाण्याच्या तक्त्यात सापडणार नाही. बंदोबस्ताच्या कारकुनाने रकाने सोडून सलग ओळीत उतरवलेल्या त्या कागदाचाच शोध तिला घ्यावा लागेल.