पवईतले रशियन, कानपूरचे अमेरिकन

आठवणी लिहिणारे पुष्कळ आहेत, तू जरा वेगळे काही दे, असे संपादक मंडळाने बजावले. म्हणून हा इतिहासाचा लेख. विषय मात्र आपल्यापासून लांबचा नाही. आपल्या बॅचच्या ग्रुपवर 'सुप्रभात' दिवसातून दोनदा येते, एकदा इथल्या सकाळी आणि एकदा अमेरिकेतल्या. तिकडे गेलेल्यांपैकी बहुतेक इंजिनियर. स्नेहसंमेलनाच्या जेवणात कोणी ना कोणी म्हणतोच, की आपली पिढी परदेशी पद्धतीचे शिक्षण घेऊन परदेशी निघून गेली. कधी ते अभिमानाने म्हटले जाते, कधी खंत म्हणून. मला या वाक्यातला 'परदेशी' हा शब्द फार सैल वाटतो. कुठला परदेश? आपल्याकडे इंजिनियरिंगचे शिक्षण एकाच देशातून आले नाही, आणि ज्या देशांतून आले त्यांचेही ते संपूर्ण स्वतःचे नव्हते.

शाळेत टेक्निकल घेतलेल्यांना शेडमधला पहिला तास आठवत असेल. व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा, हातात कानस, आणि गुण्या लावून उजेडाकडे धरायचे. फट दिसली की पुन्हा घासायचे. आधी सपाट पृष्ठभाग, मग काटकोन, मग खाच, मग एकात एक बसणारे दोन तुकडे. कारखान्याला उपयोगी पडेल अशी एकही वस्तू त्यातून तयार होत नसे. तुकडा पुऱ्या मार्कांचा झाला तरी शेवटी भंगारातच जाई, आणि यात काय शिकायचे असा प्रश्न आम्हाला पडे.

या रीतीमागचा विचार मॉस्कोचा आहे. १८६०च्या दशकात मॉस्कोच्या शाही तंत्रविद्यालयाचे प्रमुख व्हिक्टर देला-व्होस यांनी कारागिरीचे शिक्षण उस्तादाच्या हाताखालून काढून वर्गात आणले. पूर्वी पोरगा उस्तादाजवळ वर्षानुवर्षे राबायचा आणि बघून बघून शिकायचा. देला-व्होस यांनी कामाचे तुकडे पाडले: कानस, छिन्नी, जोड, कातकाम. प्रत्येकासाठी सोप्याकडून अवघडाकडे जाणारे नमुने ठरवले, आणि एक शिक्षक एकाच वेळी अनेक मुलांना शिकवू शकेल अशी मांडणी केली. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या जागतिक प्रदर्शनात हे नमुने मांडले होते. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे, म्हणजे एमआयटीचे, अध्यक्ष जॉन रंकल यांनी ते पाहिले आणि त्याच वर्षी आपल्या संस्थेत त्या धर्तीची कार्यशाळा सुरू केली. पुढे अमेरिकेतल्या शाळांत हस्तकौशल्याचे वर्ग पसरले ते याच पद्धतीवर. पुढे ज्या एमआयटीकडे आपण डोळे लावून बसलो, तिने स्वतः रशियाकडून शिकवणी घेतली होती.

यानंतर सहाच वर्षांनी, १८८२ मध्ये, पुण्याचे केशव मल्हार भट तिथे दाखल झाले. एमआयटीत शिकायला गेलेले ते पहिले भारतीय मानले जातात. समुद्र ओलांडला तर प्रायश्चित्त घ्यावे लागे, असा तो काळ. पुण्याच्या 'मराठा' पत्रातून त्या सुमारास या संस्थेचे कौतुक छापून येत होते. त्या वेळच्या पुण्यात इंजिनियरिंगचे कॉलेज होतेच, १८५४ पासून. पण सरकारी बांधकाम खात्याला माणसे पुरवणे हे त्याचे मुख्य काम. रस्ते, पूल, कालवे बांधणारा इंजिनियर इंग्रजांना हवा होता, कारखाना काढणारा नको होता. म्हणून कारखाना काढायचा असणाऱ्याने बॉस्टन गाठले किंवा जपान. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ मध्ये सुरू झाला, तेव्हा तिथली भट्टी सांभाळायला आलेले ईश्वरदास वार्ष्णेय एमआयटीत शिकून आले होते. लोकांनी एकेक पैसा देऊन उभा केलेला कारखाना आणि बॉस्टनची विद्या, असा तो मेळ होता.

आता मोठी उडी घेतो, कारण मधल्या चाळीस वर्षांत गेलेल्यांची नावे बरीच असली तरी संस्था उभ्या राहिल्या त्या नंतर. नलिनी रंजन सरकार समितीने १९४६च्या अहवालात देशाच्या चार दिशांना एमआयटीच्या तोडीच्या चार संस्था काढा, अशी शिफारस केली. पहिली १९५१ मध्ये खरगपूरला निघाली, हिजलीच्या जुन्या तुरुंगाच्या इमारतीत. पुढच्या संस्थांना मात्र परदेशी पैसा आणि यंत्रे हवी होती. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत नेहरूंनी कोणा एकाच्या दारात न जाता सगळ्यांना बोलावले. मुंबईला सोव्हिएत रशिया, मद्रासला पश्चिम जर्मनी, कानपूरला अमेरिका, दिल्लीला ब्रिटन. एका देशाने एकाच दशकात चार घराण्यांचे गवई एकत्र बसवावेत तसे हे झाले.

पवईची गोष्ट आपल्या जवळची. वर्ग सुरू झाले ते मात्र वरळीला, 'सस्मिरा' या रेशीम गिरण्यांच्या संशोधन संस्थेच्या इमारतीत, २५ जुलै १९५८ रोजी. जागा १०० आणि अर्ज ३,४०० च्या वर. पवईला नेहरूंनी कोनशिला बसवली ती १० मार्च १९५९ ला. मदत रशियाची असली तरी ती युनेस्कोमार्फत आली, आणि त्यामागे हिशेबाचे एक साधे कारण होते. सोव्हिएत संघ संयुक्त राष्ट्रांच्या तांत्रिक मदतनिधीत आपला वाटा रूबलमध्ये भरे. रूबल बाहेर कुठे चालत नसे. म्हणजे तो पैसा खर्च करायचा तर रशियन यंत्रे आणि रशियन माणसे घेऊनच. १९५६ ते १९७३ या काळात ५९ तज्ज्ञ आणि १४ तंत्रज्ञ तिकडून आले, आणि इथल्या अध्यापकांना रशियात शिकण्यासाठी २७ शिष्यवृत्त्या मिळाल्या. भाषेची अडचण मोठी होती. पण रशियन इंजिनियरिंगची गणिताची बैठक भक्कम. तिकडची पद्धत अशी, की विद्यार्थ्याने लवकरच एक अरुंद विषय धरायचा आणि त्यात खोल जायचे. पुढे कोणत्या उद्योगात जायचे हे ठरलेले असेल तर ते सोयीचे. भारतात ते कुणाचेच ठरलेले नव्हते.

पवईची आखणी ज्यांनी केली ते डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधले विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक, डॉक्टरेट लिव्हरपूलची. १९५९ मध्ये त्यांना कानपूरच्या संस्थेचे पहिले संचालक नेमले गेले. हाताशी काय, तर हारकोर्ट बटलर तंत्रसंस्थेच्या कँटीनची इमारत. १९६२ पासून दहा वर्षे अमेरिकेतल्या नऊ विद्यापीठांचा गट कानपूरला मदत करत होता. त्यात एमआयटी होती, बर्कली, प्रिन्स्टन, कॅलटेक, पर्ड्यू होत्या. पैसा आला, यंत्रे आली. पण केळकरांनी त्या संधीचा उपयोग ज्यासाठी केला, त्याला मी यंत्रांपेक्षा जास्त मान देतो. त्यांनी परीक्षा बदलली.

आपल्या सर-बाईंना हे विशेष रुचेल. त्या वेळी मुंबई किंवा पुणे विद्यापीठात वर्गात एकाने शिकवायचे, पेपर दुसऱ्याने काढायचा, तपासायचा तिसऱ्याने, आणि वर्षाचा निकाल चार-पाच दिवसांच्या तीन-तीन तासांवर. शिकवणाऱ्याच्या हातात काही नाही, म्हणून तो 'इम्पॉर्टंट' प्रश्न सांगतो, आणि मुले तेवढेच करतात. कानपूरला सहामाही सत्रे आली, गुणांऐवजी अक्षरश्रेणी आली, आणि जो शिकवतो तोच पेपर काढतो आणि तपासतो, हे ठरले. शाखा कोणतीही असो, आधी सगळ्यांना भौतिक, रसायन, गणित आणि त्याबरोबर मानव्यविद्या. इंजिनियर होणाऱ्या मुलाने साहित्य किंवा तत्त्वज्ञान कशाला शिकायचे, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेलाच असणार. ही पद्धत अमेरिकेत रुळलेली होती, पण भारतात ती चालवायची तर शिक्षकावर विश्वास टाकावा लागतो, आणि तो टाकणारा माणूस इथलाच होता. अमेरिकेत डॉक्टरेट घेतलेले अनेक तरुण भारतीय केळकरांनी हेरून परत आणले. माणसे जाण्याची गोष्ट आपण नेहमी सांगतो, पण येण्याचाही हा एक ओघ होता.

१९६३ मध्ये कानपूरला आयबीएम १६२० हा संगणक आला. तो कुलपात न ठेवता विद्यार्थ्यांना वापरू दिला, आणि बाहेरच्या अध्यापकांसाठी, शास्त्रज्ञांसाठी छोटे वर्ग घेतले. तिथल्या व्ही. राजारामन यांच्या पुस्तकांवरून पुढे देशभरच्या मुलांनी प्रोग्रामिंग गिरवले. पवईलाही साठच्या दशकात रशियन मिन्स्क-२ आला होता.

आता ती खंत. कानपूरचा अभ्यासक्रम अमेरिकेच्या वर्गाशी इतका जुळवला, की मुले तिथेच जाणार, असे म्हणतात. मग पवईचे काय? तिथे उभारणीत मदत रशियाची, प्रयोगशाळांत यंत्रे रशियाची, आणि तरीही पवईच्या पदवीधरांची रांग मॉस्कोच्या विमानाला लागली नाही. तीसुद्धा अमेरिकेलाच गेली. मद्रासची मुले जर्मनीपेक्षा जास्त तिकडेच गेली. इंग्रजीतून शिकलेला मुलगा जिथे इंग्रजी आहे तिथे जाणार. शिवाय १९६५ मध्ये अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला आणि आशियातल्या शिकलेल्या माणसांना दार उघडले. इथे त्या ज्ञानाला साजेसे काम किती कारखान्यांत होते, हा तिसरा प्रश्न. जाण्याचा दोष अभ्यासक्रमावर टाकणे मला पटत नाही. ज्यांनी मायदेशी राहून वीजमंडळात, पाटबंधारे खात्यात नोकऱ्या केल्या, त्यांनी मुख्यतः सरकारी कॉलेजात जुन्या वार्षिक परीक्षेच्या पद्धतीनेच शिक्षण घेतले होते, हेही विसरू नये. आपल्या ग्रुपमध्ये तेही आहेत, फक्त ते 'सुप्रभात' एकदाच टाकतात.

रशियाचा खरा ठसा मला वाटते पवईपेक्षा आपल्या दप्तरात जास्त उमटला. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची इंग्रजी पुस्तके लोकवाङ्मय गृहाच्या प्रदर्शनात वडापावच्या भावात मिळायची. पेरेलमान यांचे गमतीचे भौतिकशास्त्र, पुढे इरोदोव्हची गणिते. इंजिनियरिंगला गेल्यावर 'स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स' साठी तिमोशेन्को हातात आले, तेव्हा तेही मीरचेच असतील असे आमच्यातल्या अनेकांनी धरून चालले होते. स्टेपान तिमोशेन्को क्रांतीपूर्वी कीव्हला शिकवत. क्रांतीनंतर देश सोडून ते अमेरिकेत आले, मिशिगन आणि स्टॅनफर्डला प्राध्यापक झाले, आणि युरोपात शिकवलेले गणिती इंजिनियरिंग त्यांनी अमेरिकेच्या वर्गात रुजवले. १९५८ मध्ये म्हातारपणी ते रशियाला जाऊन आले आणि पुढच्या वर्षी तिथल्या इंजिनियरिंगच्या शिक्षणावर पुस्तक लिहिले. म्हणजे कानपूरच्या अमेरिकन प्राध्यापकाने तुळईचे वाकणे शिकवले तेव्हा त्यामागे किती कीव्ह आणि किती कॅलिफोर्निया होते, याची वाटणी करत बसण्यात अर्थ नाही.

केळकर १९७० मध्ये कानपूरहून परत मुंबईला आले, आणि १९७४ पर्यंत पवईचे संचालक होते. कानपूरचा अमेरिकन कार्यक्रम १९७२ ला संपला, पवईची युनेस्कोमार्फतची रशियन मदत १९७३ ला. दोन्ही मदती ज्यांनी हाताळल्या त्या या गृहस्थांना १९६९ मध्ये पद्मभूषण मिळाले, आणि कानपूरच्या ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे. कानपूरहून शिकून आलेल्या आपल्या दोघातिघांनी तिथे रात्री जागवल्या असतील. या संमेलनात भेटले की केळकरांबद्दल त्यांना जरूर विचारा.