गायन व वाक्-आकलन (कर्णबधिर बालकांतील)

बोलायला शिकण्याआधीच श्रवणदोष असलेल्या मुलाने स्वतः गाणे, घरच्यांनी त्याच्यासोबत गाणे, आणि त्याला इतरांचे बोलणे कितपत समजते, यांतील संबंध. मूल सुरात गाते की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे.

श्रवणयंत्र आवाज मोठा करून देते. कॉक्लिअर इम्प्लांट निकामी केशपेशींना (आवाज टिपणाऱ्या आतील कानाच्या पेशी) वगळून श्रवण-चेतातंतूंना थेट विद्युत्-संदेश देते. निरोगी कानात सुमारे ३,५०० आंतर केशपेशी असतात. इम्प्लांटमध्ये इलेक्ट्रोड साधारण १२ ते २२. परिणामी ठेका नीट पोहोचतो, तारता (स्वराचा उंच-नीचपणा) पुसट राहते. ‘आई आली’ आणि ‘आई आली?’ यांत अक्षरे तीच. भेद सुराच्या चढाचा. गलक्यातून एकाचा आवाज निवडतानाही तारतेचाच आधार लागतो. गाण्यात स्वर लांबतात, तीच ओळ पुन्हा येते, आघात ठरल्या जागी पडतो, म्हणून जे बोलण्यात निसटते ते पकडायला सवड मिळते.

हेलसिंकी विद्यापीठातील रित्वा तोर्प्पा व सहकाऱ्यांनी इम्प्लांट बसवलेल्या ४ ते १३ वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. नियमित गाणाऱ्या मुलांत, संगीतातील बदलाकडे लक्ष वळल्याचा मेंदूचा प्रतिसाद अधिक ठळक व लवकर आढळला (२०१४). गोंगाटातील बोलण्याच्या आकलनाशीही गायनाचा संबंध दिसला (२०१८). मात्र मुले थोडी होती, आणि ज्याला बरे ऐकू येते तेच मूल अधिक गात असेल, ही शंका उरतेच. गाणे हा उपचाराला जोड आहे, पर्याय नव्हे.

भारतात पाहायचे तर, दिल्लीत एम्ससारख्या रुग्णालयांत इम्प्लांट बसवण्याची शस्त्रक्रिया होते. अपंग व्यक्तींना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून २०१४ पासून इम्प्लांटसाठी साहाय्य मिळते. त्याचे काम मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे असून तिचे प्रादेशिक केंद्र नोएडात आहे. शस्त्रक्रियेनंतर यंत्राचे मॅपिंग (विद्युत्-संदेशांची पातळी मुलाला जुळवणे) आणि स्पीच थेरपी वर्षानुवर्षे चालते. खरी कसोटी वर्गात लागते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शाळेभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो; तेथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. आणि शिक्षकाचा आवाज गोंगाटापेक्षा १५ डेसिबलने वर असावा अशी श्रवणतज्ज्ञांची अपेक्षा असते. रहदारीच्या रस्त्यालगत, पंखा फिरत असलेल्या भरगच्च वर्गात हे कठीणच. गोंगाटातील आकलनाचा मुद्दा म्हणूनच दिल्लीसारख्या महानगरात पुस्तकी राहत नाही.

दिल्लीतील मराठी घरांत मुलाची थेरपी बहुधा हिंदीत होते. बडबडगीते आणि अंगाई मात्र आजी-आईच्या मराठीतच यावीत. त्यांना ती सहज येतात, आणि सराव रोज होतो. मोबाइलवरची वाद्यांनी गच्च भरलेली बालगीते इम्प्लांटमधून अनेकदा नुसता कालवा ठरतात. समोर बसून, टाळीच्या ठेक्यावर, एकट्या गळ्याने म्हटलेले गाणे अधिक स्पष्ट पोहोचते.