गांजा आणि मेंदूचा ठेका

गांजा ओढलेला माणूस बोलता बोलता मध्येच थांबतो. वाक्य कुठून सुरू केले होते, तेच त्याला आठवत नाही. पाच मिनिटे अर्ध्या तासाएवढी वाटतात. पॅरिसचे डॉक्टर मोरो यांनी स्वतः हशिश खाऊन पाहिले आणि १८४५ साली त्यावर पुस्तक लिहिले. पण मेंदूत नेमके काय घडते हे पाहण्याचे साधन तेव्हा नव्हते. हाती होती फक्त मोजदाद.

ती कशी होती पाहा. ‘गांजाने वेड लागते’ या समजाला हिंदुस्थानातील वेड्यांच्या इस्पितळांतील आकड्यांचा आधार दिला जाई. १८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये प्रश्न निघाला आणि चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाने १८९२ सालच्या रुग्णांची एकेक नोंद तपासली. वेडाचे कारण पुष्कळदा पोलिसांच्या कागदावरूनच इस्पितळाच्या वहीत उतरवलेले होते. रुग्ण गांजा ओढत असे एवढे कळले, की कारण सापडले! गांजा-भांगेच्या नावावर २२२ रुग्ण होते. छाननीनंतर ९८ उरले, त्यांतले केवळ या नशेमुळे वेडे झालेले ६१. कार्यकारणभाव शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी ठाऊक नाही.

पुढे जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरी १९२४ मध्ये नोंदवल्या आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केल्या. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसात त्या सेकंदाला सुमारे दहा उमटतात. असंख्य चेतापेशी एका ठेक्यात काम करतात, म्हणूनच त्या कवटीबाहेर जाणवतात.

१९६४ मध्ये इस्रायलमध्ये गाओनी आणि मेशुलम यांनी गांजातील मुख्य नशादायक द्रव्य, टीएचसी, वेगळे केले. ते चेतापेशींवरील ज्या ग्राहींना चिकटते, ते १९८८ मध्ये सापडले. शरीर स्वतःच बनवत असलेले तसे रसायन १९९२ मध्ये मिळाले. संस्कृत ‘आनंद’वरून त्याला आनंदामाइड म्हणतात.

आता ठेक्याकडे येऊ. लेझीमच्या पथकात प्रत्येक मुलाने ठोके मोजून तेवढेच दिले, पण आपापल्या वेळी दिले, तर? आवाज होईल, लेझीम होणार नाही. २००६ मध्ये अमेरिकेत रॉब, बुझाकी व सहकाऱ्यांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृती घडवणाऱ्या भागात, जवळजवळ हेच पाहिले. टीएचसीसारखी द्रव्ये दिल्यावर पेशींच्या ठोक्यांची संख्या फारशी बदलली नाही. त्यांचा आपसांतला मेळ सुटला आणि लहरी क्षीण झाल्या. ज्या उंदरांच्या लहरी जास्त ढासळल्या, ते स्मृतीच्या परीक्षेत जास्त चुकले.

वेडाचा जुना प्रश्नही मग नव्या रूपात पुढे आला. लंडनमध्ये निरोगी स्वयंसेवकांना शिरेतून टीएचसी देऊन केलेला प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या मेंदूच्या पुढील भागात, डाव्या-उजव्या बाजूंच्या संथ लहरींचा मेळ ढिला पडला. ज्यांचा तो अधिक सुटला, त्यांना संशय आणि भास यांचा अनुभवही अधिक आला.